बाबासाहेबांचे वाचन : अक्षरओळखीपासून आकलनापर्यंत

आपल्या समाजात ज्या घरातील धान्याची कणगी रिकामी असते, त्या घराच्या भिंतीवरही एक तसबीर असते. निळ्या कोटातील बाबासाहेब आणि त्यांच्या हातातील ग्रंथ ही प्रतिमा आपण जन्मापासून पाहत आलो आहोत. जयंतीला तिला हार घालतो, महापरिनिर्वाणदिनी तिच्यासमोर मेणबत्ती लावतो. परंतु तो ग्रंथ बाबासाहेबांनी वाचला कसा, वाचताना त्यांनी काय काय केले, त्यांना वाचायला कोणी शिकविले आणि त्यांनी पुढे इतरांना वाचते कसे केले, हे प्रश्न आपण क्वचितच विचारतो. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची चरित्रे पुष्कळ आहेत. त्यांच्या राजकीय, सामाजिक आणि धम्मकार्याचा परामर्श या स्मरणिकेतील इतर लेखक घेतीलच. इतिहासाचे विद्यार्थी आणि व्यवसायाने शिक्षक या नात्याने आम्ही येथे त्यांच्या जीवनाचा एकच धागा उलगडू इच्छितो, तो वाचनाचा.

हा धागा निवडण्यास कारण आहे. शाळेत आलेली आपली बहुतेक मुले आता वाचतात. धडा समोर ठेवला की न अडखळता पान संपवितात. मात्र पुस्तक मिटवून, काय वाचलेस ते सांग, असे म्हटले की त्यांतील अनेकांची मान खाली जाते. अक्षर ओठांवर येते, अर्थ मनापर्यंत पोहोचत नाही. पहिल्या पिढीने शाळेचा उंबरठा ओलांडला, ही मोठी क्रांती होती. आता प्रश्न अर्थाचा आहे, आणि त्याचे उत्तर बाबासाहेबांच्या चरित्रात आहे असे आम्हांस वाटते.

सुभेदारांच्या घरातील श्रोते

भीमराव रामजी यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत शिक्षक होते. ते कबीरपंथी, शिस्तीचे आणि विद्येचे भोक्ते होते. आई भीमाबाईंचे छत्र भीमरावाच्या बालपणीच हरपले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी इंग्रजी शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. आज महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. त्या शाळेत बसण्यासाठी त्यांना घरून गोणपाट न्यावे लागे आणि शिपायाने वरून ओतले तरच पाणी मिळे, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे.

तितकेसे ठाऊक नसते ते हे की, भीमरावाची खरी वाचनशाळा घरीच भरत असे. सुभेदारांच्या घरी शेजारीपाजारी कथा ऐकण्यास जमत. त्या मंडळींना आणि आपल्या बहिणींना रामायण-महाभारत वाचून दाखविण्याचे काम रामजींनी मुलाकडे दिले होते. हा क्रम अनेक वर्षे चालला. समोर श्रोते बसलेले असताना वाचणे ही मोठी परीक्षा असते. वाचणाऱ्याला कोठे थांबावे, कोठे आवाज चढवावा, हे समजून घ्यावे लागते, आणि अर्थ कळल्याशिवाय ते समजत नाही. आज वाचनगट किंवा पुस्तकमंडळ या नावाने जो उपक्रम शाळाशाळांत सुरू करावा असे सांगितले जाते, तो सुभेदारांच्या घरात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी चालू होता असे म्हणण्यास हरकत नाही.

इंग्रजीचीही तयारी रामजींनीच करून घेतली. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके त्यांनी मुलाकडून पाठ करून घेतली आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचा कसून अभ्यास करविला. एका भाषेतील वाक्य दुसऱ्या भाषेत आणताना नेमका शब्द कोणता, हे शोधण्याची सवय भीमरावाला येथे लागली. भाषांतरात अर्थ चुकविता येत नाही. न समजलेले वाक्य लगेच उघडे पडते. पुढे ज्यांनी संविधानाच्या कलमांतील शब्दन् शब्द तोलला, त्यांची पहिली तालीम ही होती.

कुटुंब मुंबईस आले तेव्हा परळच्या डबक चाळीत एक खोली मिळाली. त्याच खोलीत चूल, सरपण, जाते आणि माणसे. मुलाला रात्री लवकर झोपवून सुभेदार स्वतः दोन वाजेपर्यंत जागत, मग त्याला उठवून अभ्यासाला बसवीत आणि त्या जागेवर स्वतः आडवे होत. पुस्तकांसाठी पैसे कमी पडले तर ते विवाहित मुलींकडे जात. प्रसंगी त्यांचे दागिने गहाण पडत. बाबासाहेबांच्या ग्रंथसंग्रहाचा पाया या बहिणींच्या दागिन्यांवर उभा आहे, हे आपण विसरता कामा नये.

एक पुस्तक आणि दोन प्रश्न

एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत असताना भीमराव सायंकाळी चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे, असे चरित्रकार सांगतात. त्याच बागेत येणाऱ्या कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षक आणि ग्रंथकाराचे लक्ष या एकाग्र मुलाकडे गेले. केळुसकर गुरुजी रामजींच्याही परिचयाचे होते. मुलगा परीक्षा उत्तीर्ण झाला तेव्हा समाजबांधवांनी त्याचा सत्कार करण्याचे ठरविले. मुलाच्या डोक्यात हवा जाईल म्हणून रामजींनी नकार दिला. अखेर केळुसकरांनी मध्यस्थी केली आणि सभा झाली. त्या सभेत गुरुजींनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र भीमरावाला भेट दिले.

त्या पुस्तकाने पुढे काय घडविले हे सर्वश्रुत आहे. परंतु बाबासाहेबांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षी स्वतः लिहून ठेवलेला त्यानंतरचा घरातील प्रसंग शिक्षक आणि पालकांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. बुद्धचरित्र वाचून झाल्यावर मुलाने वडिलांना विचारले की, ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची मानहानी सांगितली आहे, ते ग्रंथ आपण आम्हांला का वाचायला लावता? बुद्धाविषयीचे साहित्य आमच्या हाती का देत नाही? रामजींना प्रश्न रुचला नाही. त्यांनी मुलाला गप्प केले. काही काळाने मुलाने तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी वडील उत्तराची तयारी करून होते. आपण अस्पृश्य असल्याने मुलांच्या मनात न्यूनगंड येण्याचा संभव आहे. द्रोण, कर्ण, वाल्मीकी हे लहान स्थितीतून किती उंचीवर गेले हे पाहून तो दूर व्हावा, असा आपला हेतू असल्याचे त्यांनी सांगितले. या म्हणण्यात तथ्य आहे हे मुलाने मान्य केले, तरी त्याचे समाधान झाले नाही. महाभारतातील आणि रामायणातील थोर मानली गेलेली पात्रे आपल्याला का पटत नाहीत, हे त्याने एकेक नाव घेऊन सांगितले. वडील निरुत्तर झाले.

या प्रसंगात वाचनाच्या आकलनाचे सारे टप्पे आहेत. मुलाने दोन पुस्तके शेजारी ठेवून ताडून पाहिली. पुस्तक कोणाची बाजू घेते हे ओळखले. प्रश्न विचारला, नकार मिळाल्यावर तो मनात जपला आणि पुन्हा विचारला. समोरच्याच्या उत्तरातील खरेपणा मान्य करूनही आपले मत पुराव्यानिशी मांडले. आणि ज्या पित्याच्या शब्दाबाहेर घरात कोणी जात नसे, त्याने दुसऱ्या खेपेस मुलाला उत्तर देण्याइतका मान दिला. रामजींचे थोरपण आम्हांस येथेही दिसते.

शाळेत संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही भीमरावाला ती भाषा नाकारली गेली. त्याला पर्शियन घ्यावी लागली. केळुसकरांच्या प्रयत्नाने बडोद्याच्या महाराजा सयाजीराव गायकवाडांनी महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि महाविद्यालयीन शिक्षण पूर्ण होऊ शकले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी निवर्तले. त्याच वर्षी भीमराव सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

चर्चेत तावून निघालेले ज्ञान

कोलंबियात अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असे विषय त्यांनी घेतले. सेलिग्मन, जॉन ड्यूई यांच्यासारखे अध्यापक लाभले. तेथे चर्चासत्राची पद्धत होती. विद्यार्थ्याने अभ्यास करून निबंध मांडावा आणि इतरांनी त्यावर प्रश्न विचारावेत. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भीमरावांनी भारतातील जातींची उत्पत्ती आणि यंत्रणा यांवरील निबंध वाचला. जात हे आपणच बंद करून घेतलेले वर्तुळ आहे आणि विवाहावरील बंधने हेच तिचे कुलूप आहे, असा त्याचा गाभा होता. पंचविशीतील या निबंधाने पुढच्या सर्व जातिचिकित्सेची पायाभरणी केली. सुभेदारांच्या घरी श्रोत्यांसमोर वाचणारा मुलगा आता जगातील विद्वानांसमोर वाचत होता आणि प्रश्नांना सामोरा जात होता.

न्यूयॉर्कमध्ये त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे २००० ग्रंथ जमविले होते, अशी चरित्रकारांची नोंद आहे. त्यांतील बरेचसे पुढे हरवले. १९१७ साली शिष्यवृत्ती संपल्यामुळे लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले, तेव्हा त्यांचे सामान असलेले जहाज महायुद्धात बुडाले. बडोद्याच्या नोकरीत अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळाली नाही. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले. प्रारंभी त्यांच्याकडे संशयाने पाहणारे विद्यार्थी लवकरच त्यांच्या व्यासंगाने भारावले आणि इतर महाविद्यालयांतील मुलेही परवानगी काढून त्यांच्या तासाला येऊ लागली.

१९२० साली साठविलेले पैसे, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज यांच्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात सकाळी पहिल्यांदा शिरणारे आणि सायंकाळी शेवटी बाहेर पडणारे भीमराव, त्यांचे उपाशी दिवस आणि जागत्या रात्री यांचे वर्णन आपण अनेकदा ऐकले आहे. इकडे मुंबईत रमाई काटकसरीने संसार ओढीत होत्या, म्हणून तिकडे ते वाचन शक्य झाले.

तेथील एक प्रसंग मात्र फारसा सांगितला जात नाही. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध परीक्षकांना जहाल वाटला आणि तो पुन्हा लिहिण्यास सांगण्यात आले. बाबासाहेबांनी मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत. १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. ही पदवी मिळाली आणि प्रबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्याला प्रस्तावना लिहिणाऱ्या प्रा. एडविन कॅनन यांना त्यातील अनेक मते मान्य नव्हती आणि तसे त्यांनी प्रस्तावनेतच नमूद केले. विद्यार्थी आणि गुरू यांच्यात मतभेद असूनही परस्परांविषयी आदर राहू शकतो, हे आपल्या मुलांना या उदाहरणातून सांगता येईल.

वसतिगृह, वाचनालय आणि स्वाध्यायमंडळ

एवढे वाचलेल्या माणसाने स्वतःपुरते पाहिले असते तर कोणी दोष दिला नसता. परंतु २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेची उद्दिष्टे पाहावीत. वसतिगृहे काढून शिक्षणाचा प्रसार करणे हे त्यांतील एक. त्यालगतच वाचनालये, समाजकेंद्रे, शिक्षणवर्ग आणि स्वाध्यायमंडळे उघडून समाजात संस्कृतीचा प्रसार करणे हे दुसरे. मंदिरप्रवेश आणि पाणवठे यांचे लढे अजून उभे राहायचे होते. महाडचा संगर १९२७ चा. त्याआधीच एकत्र बसून वाचण्याची व्यवस्था बाबासाहेबांना चळवळीचे अंग वाटत होती.

४ जानेवारी १९२५ रोजी सभेने सोलापूर येथे माध्यमिक शाळेतील मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. तेथील मुलांमध्ये वाचनाची ओढ निर्माण करण्याचे प्रयत्न झाले आणि सरस्वती विलास नावाचे विद्यार्थ्यांचे मासिक चालविले गेले. मुंबईत विनामूल्य वाचनालय निघाले; इतकेच काय, तरुणांसाठी हॉकीचा संघही निघाला. भाकरी, निवारा, पुस्तक, लेखणी आणि खेळ अशी ही रचना होती. आपल्या निवासी विद्यालयाचे कुळ शोधायचे झाल्यास ते सोलापूरच्या त्या वसतिगृहाशी जाऊन मिळते.

त्यांची वृत्तपत्रेही याच हेतूने निघाली. मूकनायक ३१ जानेवारी १९२० ला, बहिष्कृत भारत ३ एप्रिल १९२७ ला, जनता २४ नोव्हेंबर १९३० ला सुरू झाले. वस्तीवर एका वाचणाऱ्याभोवती न वाचणारे दहाजण बसत. अंक ऐकला जाई, त्यावर बोलले जाई, मग तो पुढच्या गावी जाई. निरक्षर माणसेही अशा रीतीने वाचकच झाली.

स्वतःचे वाचन तर अखंड चालूच होते. दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले ते ग्रंथांची सोय डोळ्यांपुढे ठेवून. शूद्र पूर्वी कोण होते, या १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी ऋग्वेदातील पुरुषसूक्त आणि महाभारताच्या निरनिराळ्या प्रतींतील पाठ ताडून पाहिले. ज्याला शाळेत संस्कृत नाकारले गेले, त्याने त्याच भाषेतील ग्रंथांची उलटतपासणी केली. उत्तरायुष्यात पाली भाषेचा अभ्यास करताना त्यांनी स्वतःसाठी आणि समाजासाठी पालीचा शब्दकोश तयार करण्याचे काम हाती घेतले. कठीण शब्द गाळून पुढे जाणे त्यांना मान्य नव्हते.

मराठवाड्याला मिळालेले नाव

निजामी राजवटीत मराठवाड्यातील मराठी मुलांना परक्या भाषेतून शिकावे लागे आणि उच्च शिक्षणाच्या सोयी तुटपुंज्या होत्या. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. ८ जुलै १९४५ रोजी स्थापन झालेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले होतेच; जून १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. त्याच्या इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. पुढे हे महाविद्यालय मिलिंद या नावाने आणि परिसर नागसेनवन या नावाने ओळखला जाऊ लागला.

या नावांत एक संपूर्ण शिक्षणशास्त्र आहे. मिलिंद हा ग्रीक वंशाचा राजा; नागसेन हे बौद्ध भिक्खू. राजा प्रश्नामागून प्रश्न विचारतो, भिक्खू दाखले देत उत्तरे देतात, आणि समाधान झाले तरच राजा मान्य करतो. आजवर ज्यांना प्रश्न विचारण्याचाच अधिकार नव्हता, त्यांच्या मुलांच्या महाविद्यालयाला बाबासाहेबांनी प्रश्न विचारणाऱ्याचे नाव दिले. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्यासारख्या अध्यापकांनी त्या परिसरात वाङ्मयीन वातावरण जोपासले. त्यांचे युगयात्रा हे नाटक तेथील. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून, बीड जिल्ह्यातूनही आलेली मुले तेथे वाचू लागली, लिहू लागली. याच महाविद्यालयातील प्राध्यापक गंगाधर पानतावणे यांच्या अस्मितादर्श या नियतकालिकाने दलित साहित्याला हक्काचे व्यासपीठ दिले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. केळुसकर गुरुजींच्या पुस्तकापासून सुरू झालेले वाचन सुमारे पन्नास वर्षांनी तेथे कृतीत उतरले. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री ते बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथाच्या मजकुरावर हात फिरवीत होते. ६ डिसेंबरच्या पहाटे त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ग्रंथ पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला.

सिरसाळ्याच्या मुलांसाठी

आता आपल्याकडे वळू. परळी तालुक्यातील सिरसाळा आणि आसपासच्या गावांतून दसरा-दिवाळी झाली की कोयते घेऊन माणसे कारखान्यांच्या वाटेला लागतात. मुकादमाची उचल फेडण्यासाठी आईबाप फडात आणि कोपीत असतात, तेव्हा त्यांची लेकरे निवासी शाळेत असतात. या मुलांना वाचलेले समजले नाही तर उद्या कराराचा कागद, बँकेचा अर्ज, औषधाची चिठ्ठी, न्यायालयाची नोटीस ही सारी त्यांच्यासाठी पुन्हा एकदा बंद पोथी होईल. अर्थ न समजता केलेली सही आणि अंगठा यांत फारसा फरक नाही.

म्हणून बाबासाहेबांच्या चरित्रातून आम्हांस दिसणारी वाट साधी आहे. सहा-सात मुलांचा एक गट करावा आणि त्या गटाने पंधरा दिवस एकच पुस्तक वाचावे. एकाने मोठ्याने वाचावे, जसे भीमराव बहिणींसमोर वाचत. एकाने अडलेले शब्द वहीत उतरवून शब्दकोशात पाहावेत. एकाने वाचलेला भाग आपल्या बोलीत, आपल्या शब्दांत सांगावा; भगवान बुद्धांनीही धम्म लोकांच्या भाषेतच सांगितला. एकाने किमान दोन प्रश्न तयार करावेत आणि एकाने लेखकाचे न पटलेले म्हणणे कारणासह मांडावे. पुढच्या वेळी कामे बदलावीत. शेवटी सर्वांनी मिळून हस्तलिखितात किंवा भित्तिपत्रकात एक पान लिहावे. शिक्षकाने मध्ये न पडता ऐकावे आणि अडेल तेथेच हात द्यावा. यासाठी मोठी इमारत किंवा अनुदान लागत नाही. लागतात ती काही पुस्तके, एक वेळ आणि मुलाचा प्रश्न उद्धटपणा न मानण्याची तयारी.

महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे यांचे खंड प्रसिद्ध केले. अनेक विहारांत आणि घरांत ते खंड कपाटात आहेत, काचेआड आहेत, कोरे करकरीत आहेत. माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, त्यांनी वर्धापनदिनी शाल-श्रीफळाऐवजी पुस्तके आणावीत आणि महिन्यातून एकदा मुलांच्या गटात बसून त्यांतील एखादे स्वतः वाचावे.

आणि जे पालक म्हणतात की आम्हांला अक्षर येत नाही, आम्ही काय शिकविणार, त्यांना आम्ही सुभेदारांच्या घरात जमणाऱ्या त्या श्रोत्यांची आठवण करून देऊ. त्यांच्यातील किती जणांना वाचता येत होते? त्यांचे काम ऐकण्याचे होते आणि त्यांनी ते वर्षानुवर्षे केले. मुलगा-मुलगी सुट्टीत घरी आली की तिला एक पान वाचायला सांगावे, हातातले काम चालू ठेवून ऐकावे आणि पान संपल्यावर विचारावे, यात काय सांगितले आहे ते मला समजेल असे सांग. आईला समजेल असे सांगता आले तर लेकराला ते समजले आहे, हे निश्चित जाणावे.

जयभीम! नमो बुद्धाय!